परतलेली विमानं मोजणारी माणसं

१९२६ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराबाहेर पॅरामाउंट कंपनीचं एक मोठं चित्रीकरण चक्क अडून बसलं होतं. लष्कराने विमानं दिली होती, वैमानिक दिले होते, पायदळाच्या पलटणीही दिल्या होत्या. नट तयार होते. हवा उत्तम होती आणि तीच अडचण होती. आकाशात ढगाचा पुंजका नव्हता, आणि दिग्दर्शक विल्यम वेलमन ढगांशिवाय आकाशातली एकही झुंज टिपायला राजी नव्हता. स्टुडिओतून विचारणा होई, खर्चाचे आकडे पुढे केले जात. तिशीतला हा तिरसट माणूस वर बघत बसून राही. निरभ्र आकाशात विमानं माश्यांसारखी दिसतात, असं त्याचं म्हणणं होतं.

त्याचा आग्रह कुणी तपासून पाहावा. कोऱ्या निळ्या पार्श्वभूमीवर विमान किती वेगात आहे, किती उंचावर आहे, शत्रूपासून किती लांब आहे, काहीच कळत नाही. मागे पांढरे डोंगर उभे राहिले की वेग दिसतो, खोली दिसते, आणि खोली दिसली की पडण्याची भीती वाटू लागते. शिवाय ढगातून शत्रू अचानक बाहेर येतो आणि ढगात मित्र दिसेनासा होतो. ढग नुसता पडदा भरायला नव्हता. वैमानिकांच्या चित्रपटांनी पुढची दहा-बारा वर्षं जे दुःख विकलं, त्याची पहिली सोय या ढगांनी केली. माणूस डोळ्यांदेखत आहे, आणि पुढच्या क्षणी नाही.

तो चित्रपट म्हणजे 'विंग्ज'. १२ ऑगस्ट १९२७ रोजी तो न्यूयॉर्कच्या क्रायटेरियन चित्रगृहात लागला. त्याआधी तीनच महिने, मेच्या २०-२१ तारखेला, चार्ल्स लिंडबर्गने एकट्याने साडेतेहतीस तासांत अटलांटिक ओलांडला होता. अमेरिकेला विमानाचं वेड लागलं होतं. चित्रपटाच्या सुरुवातीची पाटीच लिंडबर्गचा हवाला देते, पण कशासाठी, तर युद्धात पडलेल्या वैमानिकांना त्याने वाहिलेल्या श्रद्धांजलीसाठी. उत्सवात आलेल्या प्रेक्षकाला दाराशीच सांगून टाकलं होतं की इथे मेलेल्यांची गोष्ट आहे.

पहिलं महायुद्ध संपून नऊ वर्षं झाली होती. अमेरिकेचे एक लाख सोळा हजारांवर सैनिक त्यात गेले होते, त्यांतले निम्म्याच्या आसपास रोगराईने, मुख्यतः इन्फ्लुएन्झाच्या साथीने. फ्रान्समधल्या खंदकांत चिखल, उंदीर आणि तोफांचा मारा होता. मारणारा दिसत नव्हता आणि मरणाऱ्याला चेहरा उरत नव्हता. आकाशातल्या माणसाला मात्र चेहरा होता, नाव होतं, त्याने पाडलेल्या विमानांचा हिशेब वर्तमानपत्रांत छापून येत होता. लाखोंच्या मरणाचा शोक करणं कुणालाच जमत नाही. एकट्या माणसाचा करता येतो. म्हणून सिनेमाने महायुद्धाचं सारं ओझं या एकट्याच्या खांद्यावर टाकलं. तो देखणाही होता. गळ्यातला रेशमी रुमाल पडद्यावर ऐटीचा वाटतो. खरं कारण असं की शत्रू मागून तर येत नाही ना, हे पाहायला सतत मान वळवावी लागे आणि जाड कॉलरने मान सोलवटून निघे. मित्रराष्ट्रांच्या वैमानिकांकडे पॅराशूट नव्हतं. जर्मनांना ते १९१८ मध्ये मिळालं. लाकूड, कापड आणि पेट्रोल यांचं बनलेलं विमान पेटलं, तर आत बसून जळायचं की बाहेर उडी घ्यायची एवढीच निवड उरे. 'विंग्ज'च्या काळ्यापांढऱ्या प्रतींत विमानांच्या ज्वाळा तेवढ्या रंगवलेल्या होत्या. बाकी सगळं करडं, आणि मध्येच केशरी जाळ.

वेलमनला हे ऐकीव माहीत नव्हतं. अमेरिका युद्धात पूर्णपणे उतरण्याआधी ज्या अमेरिकन तरुणांनी फ्रेंचांच्या वतीने विमानं चालवली, त्या लाफायेत फ्लाइंग कोअरमध्ये तो होता. त्याने न्यूपोर जातीचं लढाऊ विमान चालवलं, फ्रेंचांचं 'क्र्वा द गेर' हे पदक मिळवलं आणि जायबंदी होऊन परत आला. एवढ्या खर्चाचा चित्रपट तुलनेने नवख्या दिग्दर्शकाच्या हाती गेला, त्याचं कारण हेच. आकाशात काय होतं हे ठाऊक असलेला तो हाताशी होता.

त्याने एक गोष्ट अशी केली की जिची बरोबरी नंतर फार थोड्यांना साधली. नटांना त्याने खरोखर वर पाठवलं. विमानाच्या तोंडाशी, वैमानिकाकडे रोखलेला, मोटरवर चालणारा कॅमेरा बसवलेला असे. खरा वैमानिक दिसू नये म्हणून खाली दबून बसे आणि उंचावर गेल्यावर नट स्वतःच कॅमेरा सुरू करून त्यासमोर अभिनय करी. म्हणजे त्या काही क्षणांपुरता तोच नट, तोच छायाचित्रकार, आणि दिग्दर्शक शेकडो फूट खाली. रिचर्ड आर्लनला उडण्याचं शिक्षण आधीच होतं, कॅनडात ब्रिटिश हवाई दलात तो शिकला होता, मात्र लढाईवर जायची पाळी आली नव्हती. चार्ल्स रॉजर्स याच चित्रीकरणात विमान चालवायला शिकला.

याचा परिणाम पाहायचा तर रॉजर्सचा जमिनीवरचा आणि हवेतला चेहरा शेजारी ठेवावा. जमिनीवर तो मूकपटाच्या रिवाजाप्रमाणे डोळे विस्फारतो, हात छातीशी नेतो, लाजतो तेही दूरच्या रांगेला कळेल असं. पॅरिसमधल्या नाचगाण्याच्या प्रसंगात दारूच्या नशेत त्याला सगळीकडे बुडबुडे दिसतात. तो भाग मला दर वेळी लांबलेला वाटतो. पण वर गेल्यावर त्याच चेहऱ्याला अतिरेक जमतच नाही. वारा गाल मागे ओढतो आहे, चष्म्यावर तेल उडतं आहे, क्षितिज तिरकं होतं आहे. नटाला घाबरण्याचा अभिनय करावा लागत नाही आणि शूर दिसण्याचा प्रयत्न मात्र दिसून येतो. शूर दिसण्याचा प्रयत्न करणारा घाबरलेला मुलगा, हीच तर त्या युद्धातल्या वैमानिकाची खरी ओळख होती.

तरी 'विंग्ज'मधला सर्वांत पक्का प्रसंग हवेतला नाही. प्रशिक्षण छावणीतला एक तंबू. रॉजर्सचा जॅक आणि आर्लनचा डेव्हिड हे दोघे नवखे आत येतात. तिथे व्हाइट नावाचा आधीचा कॅडेट पहुडलेला असतो. ही भूमिका गॅरी कूपरने केली आहे, तेव्हा त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. तो चॉकलेट खातो, या दोघांनाही देऊ करतो. दोघे बरोबर आणलेल्या ताईतासारख्या वस्तू दाखवतात. त्यावर तो हसतो, वेळ आली की आली, असं काहीसं म्हणतो, अर्धं चॉकलेट तसंच टाकून बाहेर पडतो, जरा चकरा मारून येतो म्हणत. जमिनीवरून विमानाची सावली जाते. मग धावपळ. अपघात आपल्याला दाखवलेलाच नाही. थोड्या वेळाने त्याचं सामान आवरायला माणूस येतो, आणि खाटेवर ते उरलेलं चॉकलेट असतं.

मोजून काही मिनिटांचा हा प्रसंग कूपरला तारा बनवून गेला, हे नेहमी सांगितलं जातं. मला त्यातली बांधणी अधिक महत्त्वाची वाटते. मरण दाखवायचं नाही, उष्टं राहिलेलं दाखवायचं. हवेतल्या मरणाचं वैशिष्ट्यच हे की ते लांब घडतं. मागे राहणाऱ्याच्या हाती देह नव्हे, वस्तू येतात. पुढे सगळ्या वैमानिकपटांनी हीच युक्ती वापरली. कुठे टेबलावरची रिकामी जागा, कुठे फळ्यावरचं पुसलेलं नाव, कुठे कुणी न आवरलेला बिछाना. आपल्याकडे पंगतीत वाढलेलं पान तसंच राहिलं की सगळ्यांची नजर त्याच्याकडे वळते, तसं काहीतरी.

'विंग्ज'चा शेवट तर याहून क्रूर. शत्रूच्या प्रदेशात पडलेला डेव्हिड एक जर्मन विमान पळवून परतत असतो. मित्र मेला अशा समजुतीने सूड घेत फिरणारा जॅक त्या विमानावरचं चिन्ह पाहतो आणि ते पाडतो. पडलेल्या विमानाजवळ गेल्यावर त्याला कळतं. डेव्हिड त्याच्या मिठीत मरतो. जॅक त्याचं चुंबन घेतो, त्याच्या केसांवरून हात फिरवत राहतो. १९२७ च्या प्रेक्षकाला त्यात काही वावगं दिसलं नाही, आजही ते दृश्य सर्वांत कमी जुनं झालेलं आहे. क्लारा बोला चित्रपटभर जॅकमागे धावायला लावलं आहे, ती त्याच्यासाठी रुग्णवाहिका चालवत फ्रान्सपर्यंत येते. पण चित्रपटातली मोठी प्रेमकथा कोणती, याबद्दल शंका उरत नाही. मग जॅक डेव्हिडच्या आईवडिलांकडे जातो, त्याची पदकं आणि खेळण्यातलं लहानसं अस्वल घेऊन. आई त्याला माफ करते, दोष युद्धाचा म्हणते. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे आहे, ते माफीपेक्षा थकवा जास्त वाटतो.

१६ मे १९२९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात ऑस्कर पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा उत्कृष्ट चित्रपटाचा मान 'विंग्ज'ला मिळाला. मूळ कथा होती जॉन माँक साँडर्सची. आता या माणसाकडे वळायला हवं, कारण या प्रकाराचा आत्मा त्याचाच आहे.

साँडर्सचा जन्म मिनेसोटातला. हुशार, देखणा, पुढे र्‍होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेला. युद्धात तो हवाई दलात भरती झाला, पण उत्तम उडवत होता म्हणून त्याला फ्लोरिडात शिक्षक म्हणून ठेवून घेतलं. ज्यांना त्याने शिकवलं ते समुद्रापार गेले, काही परत आले नाहीत. तो गेलाच नाही. युद्धावर न गेल्याचा सल त्याला आयुष्यभर राहिला. 'विंग्ज', 'द डॉन पेट्रोल', 'द लास्ट फ्लाइट', 'द ईगल अँड द हॉक' या चारही चित्रपटांची कथा त्याची. ते या क्रमाने पाहिले, तर एकच प्रश्न प्रत्येक वेळी थोडा आणखी खोल जाताना दिसतो. पहिल्यात माणूस नकळत मित्राला मारतो. दुसऱ्यात माणूस मित्राला, आणि मुलांना, जाणूनबुजून मरायला पाठवतो. तिसऱ्यात वाचलेले जगू शकत नाहीत. चौथ्यात नायक जगायला नकार देतो. विद्यार्थ्यांना शिकवून पाठवणाऱ्या शिक्षकाच्या मनात यापेक्षा वेगळं काय चालत असणार, असा अंदाज करण्याचा मोह मला होतो. पुरावा अर्थातच कथांपुरता.

'द डॉन पेट्रोल' १९३० चा, म्हणजे बोलपट आला होता. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, तोही युद्धकाळात अमेरिकेतच हवाई दलात होता. चित्रपट घडतो १९१५ मध्ये, फ्रान्समधल्या ब्रिटिश तळावर, आणि त्याचा मोठा भाग एका खोलीत. तिथे एक टेबल, टेलिफोन, दारूची बाटली. टेलिफोनवर वरचा अधिकारी हुकूम देतो: उद्या पहाटे इतकी विमानं पाठवा. तळाचा प्रमुख ब्रँड ओरडतो, नकार देऊ पाहतो, शेवटी होकार देतो. मग कालच आलेली, काही तासच विमान चालवलेली मुलं पहाटे जातात. ब्रँड आत बसून कान देतो. परतणाऱ्या इंजिनांचे आवाज तो मोजतो. एक, दोन, तीन, आणि पुढे काही नाही.

बोलपटाच्या पहिल्या काळात बहुतेक दिग्दर्शक आवाजाचा उपयोग बडबडीसाठी करत होते. हॉक्सने तो मोजण्यासाठी केला. मूकपटात विमानाची न दिसणारी अवस्था दाखवायला सावली लागली, इथे न ऐकू येणारी अवस्था दाखवायला शांतता पुरली. खोलीत बसलेला माणूस काहीच करू शकत नाही, आणि तो आपल्यासारखाच प्रेक्षक आहे. फरक इतकाच की पाठवणाराही तोच. याच ठिकाणी या चित्रपटांचं बळ स्पष्ट कळतं. उडणाऱ्याबद्दल आपल्याला कौतुक वाटतं. रडू मात्र मोजणाऱ्यासाठी येतं.

रिचर्ड बार्थेलमेसचा कोर्टनी हा ब्रँडचा कट्टर टीकाकार. 'खाटीक' म्हणण्याइतका राग. मग ब्रँडची बढती होते आणि तो जाताना तळाची सूत्रं कोर्टनीच्याच हाती देतो, जवळजवळ आनंदाने. आता टेलिफोन कोर्टनीला घ्यावा लागतो. नव्या मुलांच्या तुकडीत त्याच्या जिवलग मित्राचा, स्कॉटचा, धाकटा भाऊ येतो. त्याला पाठवावं लागतं. तो परतत नाही. खुर्ची एकच, बसणारा बदलतो, आणि बसलेला प्रत्येक जण आधीच्यासारखाच होत जातो. शेवटी एकट्याने जाऊन मरण्याची एक कामगिरी येते, स्कॉट ती मागून घेतो. कोर्टनी त्याला दारू पाजून झोपवतो आणि स्वतः जातो. मग खुर्ची स्कॉटची. शत्रू इथे खलनायक नाहीच. पकडलेल्या जर्मन वैमानिकाला ते बसवून दारू पाजतात, गाणी म्हणतात. खलनायक आहे तो टेलिफोन.

हॉक्सच्या घरात त्याच वर्षी मरण येऊन गेलं होतं. २ जानेवारी १९३० रोजी त्याचा धाकटा भाऊ केनेथ हॉक्स, तोही दिग्दर्शक, सँटा मोनिकाजवळ समुद्रावर एका हवाई दृश्याचं चित्रीकरण करत होता. दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली, दहा जण गेले. केनेथची बायको अभिनेत्री मेरी अ‍ॅस्टर. 'द डॉन पेट्रोल'मध्ये भावाला गमावणाऱ्या स्कॉटचं दृश्य पाहताना ही तारीख डोक्यातून जात नाही. कथा अपघाताच्या आधीची की नंतरची या वादात शिरण्याचं कारण नाही. हॉक्सने ते दृश्य कोरडं ठेवलं, एवढं दिसतं.

'द डॉन पेट्रोल'ची कथा साँडर्सला ऑस्कर देऊन गेली. त्याआधी तिच्यावर खटलाही झाला. खटला भरणारा होता हॉवर्ड ह्यूझ, टेक्सासचा तेलाच्या यंत्रसामग्रीवर गब्बर झालेला तरुण, आणि दावा असा की आपला 'हेल्स एंजल्स' चोरला. तो हरला.

'हेल्स एंजल्स'बद्दल लोक जितकं बोलतात तितकं त्या चित्रपटात नाही, असं माझं मत आहे. १९२७ मध्ये मूकपट म्हणून सुरू झाला, दिग्दर्शक बदलले, शेवटी ह्यूझने स्वतःच ताबा घेतला. बोलपट आल्यावर जमिनीवरची दृश्यं पुन्हा घेतली. नायिका ग्रेटा निसन नॉर्वेची, तिच्या उच्चारांमुळे ती गेली आणि तिच्या जागी जीन हार्लो आली. ह्यूझनेही ढगांसाठी महिनोन्‌महिने वाट पाहिली, ढग हवेत म्हणून सगळा तांडा ओकलंडला हलवला. स्वतः विमान चालवताना आपटून जखमी झाला. २७ मे १९३० रोजी हॉलिवूडच्या चायनीज थिएटरमध्ये तो झळकला. दोन भावांची जमिनीवरची गोष्ट आज बघवत नाही. पण त्यात झेपेलिनचा एक भाग आहे, त्यासाठी सगळं माफ करावं. लंडनवर बॉम्ब टाकायला आलेलं जर्मन हवाई जहाज. खाली लोंबणाऱ्या पिंजऱ्यात बसून निशाण सांगणारा कार्ल ऑक्सफर्डला शिकलेला आहे, तो मुद्दाम बॉम्ब पाण्यात पडतील असं सांगतो. ब्रिटिश विमानं पाठलागावर येतात, जहाजाला उंची गाठायची आहे, वजन कमी करायला हवं. कप्तान पिंजऱ्याची तार तोडायला लावतो. तेवढं पुरत नाही. मग खलाशी एकेक करून, सलाम ठोकून, दारातून काळोखात उडी घेतात. संगीत नाही, भाषण नाही. शत्रूची माणसं आहेत, आणि अमेरिकन चित्रपट आपल्याला त्यांच्यासाठी घसा दाटून बसायला लावतो. युद्धानंतर बाराच वर्षांनी.

या चित्रपटाने घेतलेले जीव मात्र खरे होते. चित्रीकरणाच्या काळात दोन वैमानिक गेले, आणि फिल जोन्स नावाचा मेकॅनिकही. मोठं बॉम्बफेकी विमान गिरक्या घेत पडताना दाखवायचं होतं. जोन्स मागच्या भागात बसून काजळीचा खोटा धूर सोडत होता. वैमानिकाने उडी मारली, जोन्सने मारली नाही. 'विंग्ज'मध्येही डिक ग्रेस या कसरतपटूने ठरवून केलेल्या अपघातात मान मोडून घेतली होती, तो वाचला आणि पुन्हा विमानं आपटत राहिला. ही माणसं बहुतेक युद्धातून परतलेली, दुसरं काही न येणारी. युद्धात जे पोटासाठी केलं नव्हतं ते आता पोटासाठी करत होती. १९३२ च्या 'द लॉस्ट स्क्वॉड्रन'ने हाच विषय घेतला. बेकार झालेले वैमानिक हॉलिवूडमध्ये युद्धपटांसाठी विमानं पाडतात आणि एरिक फॉन श्ट्रोहाइमने केलेला खुनशी दिग्दर्शक त्यांना मरणाकडे ढकलतो. हॉलिवूडने स्वतःवर उगारलेला हा चाबूक, आणि कथा डिक ग्रेसची.

साँडर्सचा तिसरा चित्रपट, १९३१ चा 'द लास्ट फ्लाइट', तेव्हा चालला नाही. मला तो चारांत श्रेष्ठ वाटतो. दिग्दर्शक विल्यम डीटर्ले नुकताच जर्मनीहून आलेला. सुरुवातीलाच विमान पडतं, युद्ध संपतं, आणि त्यानंतर चित्रपटात लढाई नाही. इस्पितळातून चार वैमानिक बाहेर पडतात. एकाचे हात भाजून निकामी, ग्लास धरायला दोन्ही हात लागतात. एकाचा डोळा सतत फडफडतो. डॉक्टर म्हणतो, यांना मरणाची तयारी दिली होती, जगण्याची नाही. घरी परत जायचं कुणालाच सुचत नाही. ते पॅरिसमध्ये राहतात, दुपारपासून पितात, अर्थहीन विनोद करतात, निकी नावाची एक तितकीच विचित्र, श्रीमंत मुलगी त्यांच्यात सामील होते. रणांगणाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही हा त्यांचा न ठरवलेला नियम. मग लिस्बनला जाऊन त्यांच्यातला एक जण बैलांच्या झुंजीच्या रिंगणात, कारण नसताना, उडी घेतो. ते विमान कधी उतरलंच नव्हतं, हे तेव्हा कळतं.

१९३३ च्या 'द ईगल अँड द हॉक'मध्ये फ्रेडरिक मार्चचा नायक परतून येतो, पण त्याच्या मागच्या जागेवर बसणारे सहकारी एकामागून एक मरतात. दर मरणानंतर त्याच्या छातीवर पदक चढतं. शेवटी त्याच्या सन्मानाची पार्टी चालू असताना तो त्या पदकांबद्दल जे बोलतो त्याने खोली गप्प होते, आणि रात्री तो स्वतःला गोळी घालतो. केरी ग्रँटचा क्रॉकर, जो त्याला आवडत नसे, पहाटे त्याचा देह विमानात घालून वर नेतो आणि मेलेल्या माणसावर, विमानावर मशीनगन चालवतो. नोंद वीरमरणाची व्हावी म्हणून. सरकारी इतिहास कसा लिहिला जातो, हे इतक्या थोड्या वेळात दाखवणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. पुढच्याच वर्षापासून, पडद्यावर काय दाखवावं हे ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे लागू झाली.

बायकांना या चित्रपटांत बहुधा वाट पाहण्याचं काम होतं, पण ते कधी कधी सर्वांत अवघड काम ठरलं. १९३३ च्या 'नाइट फ्लाइट'मध्ये क्लार्क गेबल वैमानिक आहे आणि जवळजवळ बोलतच नाही. रात्रीची टपाल विमानं, वादळ, आणि हेलन हेज ही त्याची बायको घरी दोघांसाठी टेबल मांडून, तो समोर बसला आहे असं समजून बोलत राहते. त्याच वर्षी डोरोथी आर्झनर या दिग्दर्शिकेने 'क्रिस्टोफर स्ट्राँग'मध्ये कॅथरिन हेपबर्नला विमानात बसवलं. तिची लेडी सिंथिया विवाहित पुरुषाच्या प्रेमात आहे, दिवस गेलेले आहेत. ती उंचीचा विक्रम करायला जाते, विक्रम करते आणि वरच ऑक्सिजनचा मुखवटा काढते. स्त्रीला आकाश मिळालं तरी शिक्षा चुकली नाही, असं त्यावर म्हणता येईल. पण वाट पाहायला खाली कुणाला तरी बसवून ती वर गेली, हेही खरं.

साँडर्सचं लग्न १९२८ मध्ये अभिनेत्री फे रेशी झालं होतं. 'किंग काँग'मध्ये एम्पायर स्टेट इमारतीच्या टोकावर ओरडणारी तीच. त्या माकडाला मारणाऱ्या विमानात जे दोघे बसलेले दिसतात, ते चित्रपटाचे दिग्दर्शक, आणि त्यांपैकी मेरियन कूपर युद्धात खरोखर बॉम्बफेकी वैमानिक होता, पाडला गेला होता, कैदही भोगली होती. वैमानिकांशिवाय त्या काळातलं हॉलिवूड हलतच नव्हतं. १९३८ मध्ये 'द डॉन पेट्रोल' पुन्हा काढला गेला, एरॉल फ्लिन आणि डेव्हिड निव्हनला घेऊन. आकाशातली बरीच दृश्यं १९३० चीच वापरली. नट नवे, पडणारी विमानं जुनी. साँडर्स तोवर दारूत आणि आजारपणात बुडाला होता, लग्न मोडलं. मार्च १९४० मध्ये त्याने फ्लोरिडात, जिथे त्याने कधी काळी मुलांना उडायला शिकवलं त्याच राज्यात, गळफास घेतला.

तोवर दुसरं युद्ध सुरू झालं होतं आणि त्याच्याबरोबर हा प्रकारही संपला. १९३९ मध्ये हॉक्सने 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज' काढला होता, दक्षिण अमेरिकेतल्या टपाल वैमानिकांचा. त्यात नुकत्याच मेलेल्या मित्रासाठी आलेलं मांस केरी ग्रँट खाऊन टाकतो आणि तो मित्र कोण हे विचारल्यावर ओळखच दाखवत नाही. ते शेवटचं मोठं काम. १९४३ च्या 'एअर फोर्स'मध्ये तोच हॉक्स बी-१७ बॉम्बर घेऊन आला, आणि त्यात एकटा वैमानिक उरला नव्हता. सगळा चमू आहे, वेगवेगळ्या गावांचा, धर्मांचा, कुरबुरी करणारा. कप्तान जखमी होऊन खाटेवर मरतो, तेव्हा सहकारी भोवती उभे राहून उड्डाणाच्या सूचनांना एकेक उत्तर देत त्याला शेवटचं विमान उडवू देतात. हे दृश्य कादंबरीकार विल्यम फॉकनरने लिहिलं. तो १९१८ मध्ये टोरांटोला ब्रिटिश हवाई दलात शिकत होता, शिक्षण संपण्याआधी युद्ध संपलं, आणि आपण युद्धात होतो असं त्याने लोकांना बरीच वर्षं समजू दिलं. साँडर्ससारखाच तोही कधी गेला नव्हता. चित्रपटात कप्तानाच्या मरणानंतर चमू रात्रभर खपून विमान दुरुस्त करतो आणि जपानी सैन्य तळावर पोहोचण्याआधी उड्डाण करतो.